प्रोजेस्टेरॉन: रक्तात किती, आणि पिशवीच्या अस्तराच्या पदरात किती?

महालक्ष्म्या उठल्या आणि घटस्थापना जवळ आली, की लातूर, धाराशिव, बीडकडच्या मेडिकलवर एक ठरलेली मागणी सुरू होते. गर्दी ओसरेपर्यंत बाई काउंटरच्या कडेला थांबून राहते आणि मग हळूच म्हणते, "भाऊ, तारीख पुढं ढकलायची गोळी द्या." दुकानदार कात्रीनं पट्टी कापतो, कागदाच्या पुडीत घालतो. गोळी कोण घेणार, किती दिवस घेणार, आधी कधी पायात रक्ताची गाठ झाली होती का, यातलं काहीच विचारलं जात नाही.

तिकडे संभाजीनगरला एखाद्या दवाखान्याच्या बाकावर एक जोडपं रिपोर्टचा कागद उलटसुलट करत बसलेलं असतं. 'सीरम प्रोजेस्टेरॉन' समोरचा आकडा ठळक छापलाय, म्हणजे काहीतरी कमी आहे एवढं त्यांना कळतं. काय कमी आहे, ते कळत नाही. आणि तिसरी केजकडची, ऊसतोडीला जाणारी. तिला महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस अंगावरून जातंय आणि कुणीतरी तिला सांगून ठेवलंय, "पिशवी खराब झालीय, काढून टाक."

तिघींच्या गोष्टीत हार्मोन एकच आहे, प्रोजेस्टेरॉन. पहिली त्याची गोळी मागते, दुसरी त्याचा आकडा बघते, तिसरीला त्याचं नावही कुणी सांगितलेलं नाही. हे हार्मोन रक्तातून अस्तरापर्यंत कसं जातं आणि अस्तर त्याला कधी दाद देतं, हे एकदा समजलं की तिन्ही कोडी बरीचशी सुटतात.

अस्तराचा एक महिना

गर्भपिशवी आतून एका मऊ थरानं मढवलेली असते. त्याला गर्भाशयाचं अस्तर म्हणायचं. पाळीत त्याचा वरचा भाग गळून जातो, तळाचा राहतो आणि त्यातून नवं अस्तर उगवतं.

पाळीनंतरचे साधारण दोन आठवडे इस्ट्रोजेनचे, म्हणजे अंडाशयातल्या दुसऱ्या हार्मोनचे. अस्तर भराभर वाढतं. दोन-चार मिलिमीटरवरून अंडाशयातून बीज सुटायच्या सुमारास आठ-दहा मिलिमीटरपर्यंत जातं. सोनोग्राफीवाले 'ई.टी.' म्हणून जो आकडा लिहितात, तो हाच. बीज सुटलं की ते ज्या फोडातून सुटलं त्याच्या रिकाम्या कवचाची एक पिवळसर गाठ होते. हा पीतपिंड. प्रोजेस्टेरॉन तयार करायचं काम त्याच्याकडे, आणि ऐन भरात असताना तो दिवसाला २५ मिलिग्रॅमच्या आसपास बनवतो.

आता बहुतेकांचा गोंधळ होतो तो इथे. प्रोजेस्टेरॉन अस्तर वाढवतं असा समज आहे. खरं तर ते वाढ थांबवतं. वाढलेलं अस्तर ते पिकवतं म्हणा. ग्रंथींमधून पोषक स्राव सुटायला लागतो, रक्तवाहिन्या वेटोळ्या होतात, पेशी गुबगुबीत होतात. बीज सुटल्यानंतर साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान अस्तर गर्भाला रुजू द्यायच्या तयारीत असतं. त्याआधी नाही, त्यानंतरही नाही. गर्भ राहिला नाही तर दोन आठवड्यांत पीतपिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉन घसरतं आणि आधार गेलेलं अस्तर गळतं. ही पाळी.

जर्मनीच्या लुडविग फ्रेंकेल यांनी १९०३ मध्ये सशांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की पीतपिंड नष्ट केला की गर्भ टिकत नाही. हार्मोन हाती यायला मात्र आणखी तीसेक वर्षं गेली. जॉर्ज कॉर्नर आणि विलार्ड ॲलन यांनी १९२९ मध्ये पीतपिंडाच्या अर्कानं गर्भ टिकवून दाखवला आणि १९३४ मध्ये शुद्ध प्रोजेस्टेरॉन वेगळं झालं.

रक्तातला प्रवास: सीटवर थोडे, उभे सगळे

प्रोजेस्टेरॉन स्निग्ध जातीचं, पाण्यात विरघळायला नाखूश. रक्त तर बरंचसं पाणीच. म्हणून ते एकटं फारसं फिरत नाही, रक्तातल्या प्रथिनांना धरून फिरतं. अशा प्रथिनांना हार्मोन-वाहक प्रथिनं म्हणू.

यात्रेच्या दिवसातली तुळजापूरची एस.टी. डोळ्यांसमोर आणा. सीट मोजक्याच, पण ज्याला मिळाली तो घट्ट बसून. बाकी सगळी गाडी उभ्यानं, दांडीला धरून. रक्तात सीटचं काम करणारं प्रथिन आहे ट्रान्सकॉर्टिन. ते लिव्हरमध्ये बनतं, संख्येनं कमी, पण धरलं की घट्ट धरतं. उभ्यानं जायची जागा म्हणजे अल्ब्युमिन. तेही लिव्हरचंच, पण रक्तात भरपूर, आणि त्याची पकड सैल. गर्भार नसलेल्या बाईच्या रक्तात प्रोजेस्टेरॉनचा साधारण ८० टक्के भाग अल्ब्युमिनवर उभा असतो, १७-१८ टक्के ट्रान्सकॉर्टिनच्या सीटवर बसलेला असतो, आणि जेमतेम दोन टक्के मोकळा, म्हणजे गाडीतून उतरून चालू लागलेला.

पेशीच्या आत शिरू शकतं ते हे मोकळंच. मग उरलेलं ९८ टक्के फुकट गेलं का? नाही. मोकळं प्रोजेस्टेरॉन पेशींत शिरलं की तेवढीच जागा भरून काढायला अल्ब्युमिनवरचे प्रवासी क्षणात उतरतात, सीटवरचे जरा सावकाश. वाहक प्रथिन ही अडवणूक नाही, शिल्लक आहे. ती नसती तर टिकलं किती असतं? मोकळं प्रोजेस्टेरॉन रक्तात काही मिनिटंच राहतं, लिव्हर त्याचा लगेच निकाल लावतं.

ट्रान्सकॉर्टिनच्या सीटवर प्रोजेस्टेरॉनचा एकट्याचा हक्क नसतो. ताणाच्या वेळी वाढणारं कॉर्टिसॉल हे त्या सीटचं मूळ गिऱ्हाईक, त्याच्यावरूनच त्या प्रथिनाला नाव पडलंय. गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळे लिव्हर ट्रान्सकॉर्टिन दुपटीच्या वर बनवतं. सीटच वाढल्या, की रक्तातलं एकूण प्रोजेस्टेरॉन वाढलेलं दिसतं, पण त्यातला मोकळ्याचा वाटा उलट कमी झालेला असतो. रिपोर्टवर छापलेला आकडा एकूणचा असतो, गाडीतले सगळे धरून. मोकळं किती, हे नेहमीच्या तपासणीत मोजतच नाहीत.

एकविसाव्या दिवसाचा रिपोर्ट

बाकावर बसलेल्या त्या जोडप्याकडे येऊ. प्रोजेस्टेरॉनची तपासणी 'एकविसाव्या दिवशी' करायची असं चिठ्ठीवर लिहून मिळतं. हा एकविसावा दिवस अठ्ठावीस दिवसांची पाळी असणाऱ्या बाईचा आहे. खरा नेम असा, की पुढची पाळी यायच्या साधारण सात दिवस आधी रक्त द्यायचं. पस्तीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईनं एकविसाव्या दिवशी रक्त दिलं, तर तिचं बीज त्याच सुमारास सुटत असतं. आकडा कमी येणारच, आणि त्यावरून घरात रडारड होते. तिचा दिवस अठ्ठाविसावा. कालनिर्णयवर मागच्या चार-पाच महिन्यांच्या तारखांना गोल करून तो कागद डॉक्टरांसमोर ठेवला, तर अर्धा घोटाळा तिथेच मिटतो.

दुसरी गोष्ट, पीतपिंड प्रोजेस्टेरॉन नळासारखं सलग सोडत नाही, थांबून थांबून उसळ्यांत सोडतो. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी काही निरोगी बायकांचं रक्त दिवसभर दर दहा मिनिटांनी तपासलं. पाळीच्या उत्तरार्धात एकाच बाईत, एकाच दिवसात, आकडा (एका मिलिलिटरमागे किती नॅनोग्रॅम) अगदी तीनच्या खालपासून चाळिसाच्या घरापर्यंत फिरताना दिसला. म्हणजे सकाळी नऊचं रक्त आणि दुपारी बाराचं रक्त वेगवेगळं बोलू शकतं.

"मग रिपोर्ट काढायचाच कशाला?" एका प्रश्नाच्या उत्तरासाठी: बीज सुटलं की नाही. योग्य दिवशी तीन नॅनोग्रॅमच्या वर आकडा आला तर सुटलं, असं सहसा धरतात. त्यापलीकडे "तुमचं नऊ आलंय, शेजारणीचं अठरा आलं होतं" ही तुलना करण्यात अर्थ नाही.

अस्तरानं दार उघडलं तर

रक्तातून पेशीत शिरलं, तरी काम झालं असं नाही. गाडीतून उतरलेल्या पाहुण्याला घरात घेणारं कुणीतरी लागतं. अस्तराच्या पेशींत प्रोजेस्टेरॉनला धरणारं एक खास प्रथिन असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. वाहक प्रथिन नुसतं नेऊन सोडतं. रिसेप्टर हार्मोनला धरतं, त्याला घेऊन जनुकांपाशी जातं आणि कुठली जनुकं चालू, कुठली बंद हे ठरवतं.

हे रिसेप्टर पेशी बनवते इस्ट्रोजेनच्या सांगण्यावरून. पहिले दोन आठवडे इस्ट्रोजेननं नीट काम केलं नसेल, तर नंतर प्रोजेस्टेरॉन कितीही ओता, त्याला धरायला कुणी नाही. उलट प्रोजेस्टेरॉन आलं की ते इस्ट्रोजेनचे आणि स्वतःचेही रिसेप्टर कमी करायला लागतं. शिवाय अस्तरात एक एन्झाइम वाढवतं, जे तिथल्या तिथे कडक इस्ट्रोजेनचं सौम्य इस्ट्रोजेन करून टाकतं. वाढ थांबते ती अशी.

वाहक आणि रिसेप्टर यांतला फरक शास्त्रज्ञांनाही सहज सापडला नाही. पिशवीच्या पेशी वाटून त्यात प्रोजेस्टेरॉनला धरणारं प्रथिन शोधायला जावं, तर त्या पेशींसोबत आलेल्या रक्तातलं ट्रान्सकॉर्टिनच हाती लागायचं. आता हे अस्तराचं की रक्ताचं? १९७० च्या सुमारास फ्रान्समध्ये एद्विन मिलग्रॉम आणि एतिएन-एमिल बोलियू उंदरांच्या गर्भाशयावर हेच निवडत बसले होते. पुढे यावर एक सोपी युक्ती रुळली. आधी भरपूर कॉर्टिसॉल घालायचं. ते ट्रान्सकॉर्टिनच्या सगळ्या सीट अडवून बसतं, पण प्रोजेस्टेरॉनच्या रिसेप्टरला ते विशेष चालत नाही. त्यानंतर जे प्रोजेस्टेरॉन धरलं जाईल, ते खऱ्या रिसेप्टरनं धरलेलं. मला ही युक्ती फार आवडते. जागा अडवून ठेवणं आपल्याला काही नवीन नाही, खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या माणसांना तर नाहीच.

याच बोलियूंचं नाव पुढे मिफेप्रिस्टोन या औषधाशी जोडलं गेलं. कायद्यानं ठरवलेल्या मुदतीत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गर्भपातासाठी दोन औषधं देतात, त्यातलं हे पहिलं. रिसेप्टरवर ते प्रोजेस्टेरॉनपेक्षाही घट्ट बसतं, पण काम काही करत नाही. नुसतं दार अडवतं. रक्तात प्रोजेस्टेरॉन भरपूर असतं, तरी अस्तर ते संपल्यासारखं वागतं आणि सुटायला लागतं. रक्तातला आकडा आणि अस्तराचा अनुभव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून ठळक पुरावा शोधायची गरज नाही. हे औषध शरीरात बराच काळ रेंगाळतं, त्याचं एक कारणही रक्तातलंच एक वाहक प्रथिन. ते याला घट्ट धरून ठेवतं, लिव्हरच्या हाती लवकर लागू देत नाही.

अस्तर स्वतःही एक बांधून ठेवणारं प्रथिन बनवतं. प्रोजेस्टेरॉननं पिकलेल्या पेशी ते सोडतात, आणि ते इन्सुलिनसारख्या वाढ-घटकांना धरून ठेवतं. म्हणजे अस्तराच्या वाढीवर घरातूनच लगाम. रक्तात इन्सुलिन सतत चढं असेल तर हे प्रथिन कमी बनतं. पी.सी.ओ.डी. (बीज वेळेवर न सुटण्याचा अंडाशयाचा विकार) असलेल्या पुष्कळ मुलींमध्ये हे होतं, वर बीज न सुटल्यानं प्रोजेस्टेरॉनही नाही. "गोड कमी कर, चालायला जा" हा डॉक्टरांचा सल्ला त्यांना टाळाटाळ वाटतो. तो थेट अस्तराशी जोडलेला आहे.

तारीख पुढे ढकलणारी गोळी नेमकं काय करते?

या गोळीत बहुधा नॉरेथिस्टेरॉन असतं. प्रोजेस्टेरॉनचं काम करणारं, पण कारखान्यात बनवलेलं औषध, १९५१ मध्ये मेक्सिकोत तयार झालेलं. असं औषध का लागलं? तोंडावाटे घेतलेलं खरं प्रोजेस्टेरॉन आतड्यातून आधी लिव्हरमध्ये जातं आणि बरंचसं तिथेच संपतं. त्याच्या तुकड्यांतला एक मेंदूवर झापड आणतो, म्हणून त्या कॅप्सूलनं झोप येते. वंध्यत्वाच्या उपचारात तीच कॅप्सूल योनीमार्गात ठेवायला सांगतात, कारण तिथून ती लिव्हरला वळसा घालून थेट पिशवीच्या शेजारी पोचते. सांगताना सिस्टर घाईत असतात, बाई लाजते आणि घरी येऊन कॅप्सूल गिळून टाकते. हे होतं, आणि वाटतं त्यापेक्षा जास्त होतं.

नॉरेथिस्टेरॉन लिव्हरमध्ये इतकं संपत नाही. रक्तात तेही अल्ब्युमिनवर आणि दुसऱ्या एका वाहक प्रथिनावर बसून फिरतं. नेहमीचा नेम असा, की पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून पाच मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा. गोळी चालू आहे तोवर अस्तराला वाटतं प्रोजेस्टेरॉन आहेच, म्हणून ते गळत नाही. बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. तारखेच्या आदल्या दिवशी एक गोळी घेऊन उपयोग नाही, तोवर घसरण सुरू झालेली असते.

"वारंवार घेतली तर पिशवी खराब होते का?" पिशवी खराब होत नाही. पण या औषधाचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनसारख्या औषधात बदलतो. त्यामुळे ज्यांना आधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालीय, लिव्हरचा आजार आहे, स्तनाचा कर्करोग झालेला आहे, विनाकारण रक्त जातंय किंवा दिवस राहिल्याची शंका आहे, त्यांनी ही घ्यायची नाही. मेडिकलच्या काउंटरवर जे विचारलं जात नाही ते हेच. देवीला काय चालतं हा वाद मी इथे घालत नाही. गोळी घ्यायचीच असेल तर आधी डॉक्टरला विचारा, एवढंच.

"पाळी आली नाही तर घाण रक्त आत साठतं ना?" सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या 'अंतरा' इंजेक्शनबद्दल हा प्रश्न हमखास येतो. तीन महिन्यांनी घ्यायचं हे इंजेक्शनही प्रोजेस्टेरॉनच्याच कुळातलं. त्याच्या सलग अंमलाखाली अस्तर पातळच राहतं. गळायला काही तयारच झालं नाही, तर साठणार काय? सुरुवातीला अधूनमधून डाग पडतात, त्याला घाबरून पुष्कळ जणी दुसरा डोस घेत नाहीत.

गर्भ टिकावा म्हणून प्रोजेस्टेरॉन भरूनच का देत नाहीत?

देतात, आणि कधी कधी गरज नसतानाही देतात. गर्भ राहिल्यावर पहिले सात-नऊ आठवडे पीतपिंडावर मदार असते, मग वार हे काम हाती घेते. ब्रिटनमध्ये दिवस गेल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तस्राव झालेल्या ४,१५३ बायकांवर एक मोठी चाचणी झाली. २०१९ मध्ये तिचा निकाल आला. प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांपैकी ७५ टक्क्यांना मूल झालं, खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांना. फरक नगण्य. पण ज्यांचे आधी तीन किंवा जास्त गर्भपात आपोआप झाले होते, त्यांच्यात तो ७२ विरुद्ध ५७ असा होता. अशा बाईला द्यावं, हे पटतं. पहिल्याच खेपेला, कसलाही त्रास नसताना, महागडी इंजेक्शनं आठवड्याला टोचली जात असतील, तर "मला हे कशासाठी?" असं विचारायचा हक्क तिला आहे. सुरुवातीच्या बऱ्याच गर्भपातांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. अस्तर कितीही पिकलेलं असो, तिथे त्याचा इलाज चालत नाही.

"पिशवीच काढून टाका"

बीडच्या ऊसतोड महिलांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये देशभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं अहवाल दिला. ८२ हजारांहून जास्त महिलांच्या पाहणीत १३ हजारांवर महिलांची पिशवी काढलेली निघाली. खाडा पडला की उचलीतून पैसे कापले जातात, फडात ना पाणी ना आडोसा, आणि वर कॅन्सरची भीती घातलेली. कारणं बहुतेक कष्टाची आणि पैशाची होती, हे खरं. पण शरीरात चाललं होतं ते काय, तेही बघायला हवं.

चाळिशीच्या आसपास बऱ्याच जणींचं बीज दर महिन्याला सुटेनासं होतं. बीज नाही म्हणून पीतपिंड नाही, पीतपिंड नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन नाही. इस्ट्रोजेन मात्र चालूच. अस्तर थांबायचं नाव न घेता वाढत राहतं आणि मग आधार न राहिल्यानं एकेका तुकड्यानं, कधीही, पंधरा-पंधरा दिवस गळत राहतं. यात पिशवी सडलेली नसते, तिला थांबवणारं हार्मोन मिळालेलं नसतं. अशा वेळी आधी रक्तातलं हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी, वय पंचेचाळीसच्या पुढे असेल तर अस्तराचा छोटा तुकडा तपासायचा, आणि कॅन्सर नाही असं दिसलं तर प्रोजेस्टेरॉन-कुळातल्या गोळ्या. किंवा पिशवीत बसवायची हार्मोनची तांबी. नावाला तांबी, तिच्यात तांबं नसतं. लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं औषध ती रोज अगदी सूक्ष्म प्रमाणात सोडते, तेही थेट अस्तरात, आणि पाच वर्षं तरी काम करते. रक्तात औषध थोडंच असतं, अस्तरात पुरेपूर.

शस्त्रक्रिया कधीच नको, असं नाही. कॅन्सर, मोठ्या गाठी, अंग बाहेर येणं, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव, यात ती लागते. आणि पाळी कायमची गेल्यावर पुन्हा लाल दिसलं तर अंगावर काढू नका, ती तपासणी लवकर झाली पाहिजे. पण पस्तिशीत पिशवीसोबत अंडाशयही काढले गेले, तर इस्ट्रोजेन एका दिवसात थांबतं. अंगात आग होते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात, हृदयाचं संरक्षण कमी होतं. त्या वाढत्या कंबरदुखीला मग फडातलं ओझं कारण ठरतं.

बीड जिल्ह्यात त्यानंतर खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट आली. ज्यांचं ऑपरेशन आधीच झालंय त्यांनी डिस्चार्जच्या कागदावर दोन गोष्टी बघाव्यात: अंडाशय ठेवले की काढले, आणि काढलेली पिशवी तपासणीला पाठवली होती का, तिचा रिपोर्ट कुठे आहे. कागदच दिलेला नसेल तर दवाखान्यात जाऊन मागा. तो नाहीच मिळाला, तर अंडाशय जागेवर आहेत का हे बहुतेक वेळा साध्या सोनोग्राफीतही दिसतं.